शिल्पकार वि. पां. करमरकर : चरित्र आणि कार्य यांचा अभ्यास कसा करावा?

कोणत्याही शहरातील अथवा गावातील सार्वजनिक पुतळ्याजवळ जाऊन चौथऱ्यावरील लेख वाचला, तर काही गोष्टी बहुधा हमखास आढळतात. पुतळा कोणाचा, त्याचे अनावरण कोणाच्या हस्ते झाले, अध्यक्षस्थानी कोण होते आणि तो दिवस कोणता, एवढा तपशील संगमरवरावर कोरलेला असतो. पुतळा घडविणाऱ्याचे नाव मात्र पुष्कळ वेळा तेथे नसते. ज्याच्या बोटांनी ती मुद्रा मातीत प्रथम उमटविली आणि ज्याने धातूत ती कायम केली, तो कारागीर अनावरणाच्या समारंभानंतर विस्मृतीत जातो. साहित्यिकाचे नाव त्याच्या पुस्तकावर छापलेले असते, चित्रकाराची सही चित्राच्या कोपऱ्यात असते. शिल्पकाराचे नाव मात्र शोधावे लागते.

हा शोध केवळ कलेच्या अभ्यासकांनीच घ्यावयाचा असतो, असे नाही. पुतळ्यासंबंधीचे ठराव नगरपालिकेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतात, देणगीची यादी एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटात असते आणि आठवणी गावातील वृद्धांच्या जवळ असतात. या साधनांपर्यंत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याइतके सहज दुसरे कोणीही पोहोचू शकत नाही. या दृष्टीने एका थोर महाराष्ट्रीय शिल्पकाराचे उदाहरण समोर ठेवून, शिल्पकाराच्या जीवनाचा आणि कार्याचा अभ्यास कसा करता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हे शिल्पकार म्हणजे विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर होत.

चरित्राची रूपरेषा

करमरकरांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी अलिबाग तालुक्यातील सासवणे या समुद्रकाठच्या गावी झाला. घरात गणपतीच्या मूर्ती घडविण्याची परंपरा होती. त्यामुळे मातीशी त्यांचा परिचय शाळेच्या पाटीच्या आधीच झाला, असे म्हणता येईल. गावातील राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तत्कालीन जिल्हाधिकारी ऑटो रॉथफिल्ड यांच्या पाहण्यात आले आणि त्यांच्या साहाय्याने हा खेड्यातील मुलगा मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाला, ही हकीकत त्यांच्या चरित्रात सर्वत्र सांगितली जाते.

कलाशाळेतील शिक्षण पूर्ण झाल्यावर रवींद्रनाथ ठाकूर यांचे पुतणे सुरेंद्रनाथ ठाकूर यांच्या प्रोत्साहनाने करमरकर कलकत्त्यास गेले व तेथे त्यांनी स्वतःची कर्मशाळा उभारली. पुढे १९२० च्या सुमारास त्यांनी इंग्लंडला जाऊन लंडन येथे शिल्पकलेचे अधिक शिक्षण घेतले. स्वदेशी परतल्यानंतर काही काळाने ते मुंबईस स्थायिक झाले. पुणे येथील श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती होय. तिचे अनावरण जून १९२८ मध्ये झाले. भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. सासवणे येथील त्यांच्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय असून तेथे शंभराहून अधिक शिल्पे पाहावयास मिळतात.

ही झाली रूपरेषा. अशी रूपरेषा कोशातून उतरवून घेता येते आणि शाळेतील फळ्यावर लिहिताही येते. परंतु ती लिहून झाली म्हणजे अभ्यास पुरा झाला असे नाही. वरील प्रत्येक विधानास आधार कोणता, हे विचारू लागल्यावरच खऱ्या अभ्यासाला प्रारंभ होतो.

प्रथम साधन : स्वतः शिल्प

शिल्पकाराच्या अभ्यासातील पहिले आणि सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे त्याने घडविलेले शिल्प. ते प्रत्यक्ष पाहिले पाहिजे, आणि सर्व बाजूंनी पाहिले पाहिजे. केवळ छायाचित्रावर विसंबून राहिल्यास काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच कलेतिहासात आहे. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत, १८९६ च्या सुमारास, 'मंदिरपथगामिनी' हे प्लास्टरमधील पूर्णाकृती शिल्प घडविले. त्याची कीर्ती एवढी पसरली, की १८९८ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यावर बंगालीत लेख लिहिला. तथापि दूरच्या बहुतेक रसिकांना आणि टीकाकारांना हे शिल्प छायाचित्रावरूनच ठाऊक होते. स्तुती करणाऱ्यांनी छायाचित्रावरून स्तुती केली व शंका घेणाऱ्यांनीही छायाचित्रावरूनच शंका घेतल्या. छायाचित्र एकच बाजू दाखविते, शिल्पाला मात्र अनेक बाजू असतात.

पुतळा पाहताना काही गोष्टींची नोंद आवर्जून करावी. शिल्पकाराची सही व वर्ष बहुधा पुतळ्याच्या पायाखालील धातूच्या अथवा प्लास्टरच्या बैठकीच्या कडेवर, मागील बाजूस, कोरलेले असते. ओतशाळेचे चिन्ह असल्यास तेही तेथेच जवळपास सापडते. दगडी चौथरा वेगळा आणि पुतळ्याची मूळ बैठक वेगळी, हा भेद लक्षात न घेतल्यामुळे अनेकांना सही दिसत नाही. जयंती-उत्सवाच्या निमित्ताने पुतळ्यास दरवर्षी सोनेरी अथवा चंदेरी रंगाचे हात दिले जातात. रंगाच्या थरांखाली ही अक्षरे बुजून जातात. अशा वेळी खरवडून अक्षरे काढण्याचा मोह टाळावा. सकाळी वा सायंकाळी तिरपा प्रकाश पडत असताना पाहिल्यास बुजलेली अक्षरेही पुष्कळदा वाचता येतात.

शिल्पाविषयीच्या लोकसमजुतींनाही येथेच तपासून घ्यावे. अश्वारूढ पुतळ्यातील घोड्याचे किती पाय उचललेले आहेत, यावरून स्वार रणात पडला की अन्य कारणाने मरण पावला हे कळते, अशी समजूत शिक्षित वर्गातही रूढ आहे. असा कोणताही सर्वमान्य नियम शिल्पकलेत नाही. घोड्याचा पाय उचललेला दाखवावयाचा किंवा नाही, हा मुख्यतः रचनेचा आणि तोलाचा प्रश्न असतो. कारण उचललेल्या प्रत्येक पायाचा भार उरलेल्या पायांवर पडतो.

घडणीची प्रक्रिया समजून घेणे आवश्यक

शिल्पकाराच्या कार्याचे मूल्यमापन करावयाचे तर पुतळा कसा तयार होतो, याची निदान प्राथमिक माहिती अभ्यासकाला असली पाहिजे. प्रथम लोखंडी सळ्या व तारा यांचा सांगाडा उभारला जातो. त्यावर ओली माती चढवून शिल्पकार आकृती घडवितो. काम चालू असेपर्यंत माती ओल्या फडक्यांनी झाकून ठेवावी लागते, कारण ती वाळली की तडकते. आकृती पूर्ण झाल्यावर तिच्यावर प्लास्टरचा साचा घेतात आणि त्या साच्यातून प्लास्टरची प्रत काढतात. या क्रियेत मूळ मातीची आकृती बहुधा नष्ट होते. प्लास्टरच्या प्रतीवरून मेणाच्या किंवा वाळूच्या साच्याच्या पद्धतीने धातूचे ओतकाम केले जाते. तांबे व कथील यांचे मिश्रण असलेला कांस्य धातू यासाठी सामान्यतः वापरतात. ओतकामानंतर सांधे जुळविणे, छिन्नीने सफाई करणे आणि पृष्ठभागास रंगछटा देणे ही कामे होतात.

या प्रक्रियेतून अभ्यासकाला दोन महत्त्वाचे बोध होतात. पहिला असा, की शिल्पकाराच्या बोटांच्या खुणा ज्या वस्तूत सर्वांत जवळून उतरलेल्या असतात, ती वस्तू चौकातील धातूचा पुतळा नसून कर्मशाळेतील प्लास्टरची प्रत होय. पुतळा उभारला गेल्यावर ही प्रत निरुपयोगी समजून फेकून दिली जाते, अडगळीत पडते किंवा पावसाच्या ओलीने भुगा होते. दुसरा बोध असा, की एका साच्यातून एकाहून अधिक प्रती निघू शकतात. एकच अर्धपुतळा दोन गावांत आढळल्यास एक खरा व दुसरा नक्कल, असा निष्कर्ष घाईने काढू नये. दोन्ही मूळ साच्यातून निघालेल्या असू शकतात. त्यासाठी दोहोंची मापे घ्यावीत. जुन्या पुतळ्यावरून नवा साचा घेऊन केलेली धातूची नक्कल मूळ पुतळ्यापेक्षा किंचित लहान भरते, कारण थंड होताना धातू आकुंचन पावतो.

करमरकरांनी माती, प्लास्टर, धातू, दगड यांबरोबर सिमेंटचाही वापर केला. सासवणे येथील संग्रहालयात आणि त्याच्या परिसरात त्यांनी घडविलेल्या कोळीण, म्हैस यांसारख्या नित्य जीवनातील आकृती आहेत. दरबारी मागणीचे भव्य पुतळे घडविणाऱ्या कलावंताने आपल्या अंगणातील जनावरे आणि शेजारची माणसे तितक्याच आस्थेने घडविली, हे त्यांच्या कार्याचे एक लक्षणीय अंग आहे. केवळ चौकांतील पुतळ्यांची यादी करणाऱ्या अभ्यासकाच्या हातून ते निसटते.

सिमेंट हे त्या काळी शिल्पासाठी नवे माध्यम होते. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये उघड्या जागेवर उभारलेले 'संथाळ कुटुंब' हे शिल्प सिमेंट व जांभ्या दगडाच्या खडीचेच आहे. हे दोघे कलावंत पिंडाने अगदी भिन्न होते. करमरकरांचा भर वास्तवदर्शी, गुळगुळीत घडणीवर होता, तर रामकिंकरांनी खडबडीत पृष्ठभाग तसाच राहू दिला. परंतु धातूचा खर्च न परवडणाऱ्या देशात कलावंत कोणत्या द्रव्याकडे वळला, हा प्रश्न दोघांच्याही बाबतीत विचारण्यासारखा आहे. साहित्याची निवड हीदेखील चरित्राची सामग्री असते.

कागदपत्रांचा शोध

दुसरे साधन म्हणजे समकालीन कागदपत्रे. पुण्याच्या अश्वारूढ पुतळ्याचेच उदाहरण घेऊ. शिवस्मारकाची कोनशिला १९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते बसविण्यात आली. या कल्पनेचे प्रवर्तक राजर्षी शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी दिवंगत झाले. त्यानंतर छत्रपती राजाराम महाराजांनी हे कार्य पुढे चालविले आणि जून १९२८ मध्ये अनावरण झाले. याचा अर्थ असा, की एकाच पुतळ्याला निदान चार कालखंड असतात : संकल्पाचा, मातीत घडविण्याचा, ओतकामाचा आणि अनावरणाचा. चौथऱ्यावर यांतील शेवटचाच कोरलेला असतो. 'पुतळा १९२८ चा' एवढे म्हटल्याने शिल्पकाराच्या कामाचा काळ निश्चित होत नाही.

संस्थानिकांनी दिलेल्या कामाची कागदपत्रे त्या त्या संस्थानच्या दप्तरात शोधावी लागतात. कोल्हापूर संस्थानचे दप्तर कोल्हापूर येथील शासकीय पुरालेखागारात आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या खात्यांचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात जतन करण्यात आले आहेत. या विभागाची परंपरा १८२१ पासूनची आहे. नगरपालिकांचे ठराव, जमाखर्चाच्या वह्या आणि समारंभाची निमंत्रणे स्थानिक दप्तरात असतात. सार्वजनिक प्राधिकरणांच्या ताब्यातील अशा अभिलेखांच्या प्रती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये नागरिकांना मागता येतात. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांच्या सूचिपुस्तिका आणि समकालीन वृत्तपत्रे यांतूनही शिल्पकारांच्या कामाचा माग लागतो.

जुन्या कागदपत्रांत शोध घेताना नावांच्या बदलाचे भान ठेवावे लागते. आजचा रायगड जिल्हा १ जानेवारी १९८१ पूर्वी कुलाबा जिल्हा होता. पुण्यातील शिवाजीनगरचे जुने नाव भांबुर्डे. स्वतः करमरकरांचा उल्लेख मराठी लेखनात 'वि. पां.', इंग्रजी कागदांत 'व्ही. पी.' आणि आप्तमित्रांत 'नानासाहेब' असा होत असे. क्रीडापत्रकार वि. वि. करमरकर हे निराळे गृहस्थ, परंतु एका आद्याक्षराच्या फरकामुळे सूचीत दोघांची सरमिसळ होऊ शकते. हे तपशील क्षुल्लक वाटले तरी त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्याने पुष्कळ दिवसांचे श्रम वाया जातात.

आख्यायिका आणि तिची पडताळणी

तिसरे साधन म्हणजे मौखिक माहिती. कलावंतांच्या जीवनाभोवती आख्यायिका लवकर जमतात. त्या निरुपयोगी म्हणून टाकून देऊ नयेत आणि वेदवाक्य म्हणून स्वीकारूही नयेत. कोणत्या कागदाने ती कथा खरी किंवा खोटी ठरेल, हे आधी ठरवावे.

रॉथफिल्ड यांच्या भेटीची कथा पाहा. तिच्या बाजूने एक परिस्थितिजन्य पुरावा आहे. हे अधिकारी केवळ महसुली कामात गढलेले नव्हते. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय स्त्रियांविषयीच्या ग्रंथासाठी चित्रे काढली होती ती महादेव विश्वनाथ धुरंधर या मराठी चित्रकारानेच. म्हणजे येथील कलावंतांचे मोल जाणणारा हा अधिकारी होता आणि खेड्यातील भिंतीवरचे चित्र पाहून तो थांबला असेल, हे संभवनीय ठरते. परंतु संभवनीय आणि सिद्ध यांत अंतर आहे. ते अंतर भरून काढावयाचे तर दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत : अधिकाऱ्याच्या जिल्ह्यातील नेमणुकीचा काळ आणि कलाशाळेतील प्रवेशाचे वर्ष. पहिली नोंद त्या काळच्या मुलकी अधिकाऱ्यांच्या छापील याद्यांत, आणि दुसरी कलाशाळेच्या प्रवेश-नोंदवहीत पाहावयाची असते.

दुसरी कथा पुतळ्याच्या प्रवासाची. साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा मुंबईस माझगाव गोदीत ओतण्यात आला व तेथून आगगाडीने पुण्यास नेण्यात आला. वाटेत बोरघाटातील बोगद्यांची अडचण कशी आली, ठिकठिकाणी लोकांनी जयजयकार कसा केला, याच्या आठवणी मोठ्या अभिमानाने सांगितल्या जातात. ही कथा साध्या अंकगणिताने पारखता येते. मालगाडीच्या सामान्य वाघिणीची फळी रुळांपासून सुमारे चार फूट उंच असते. त्यावर साडेतेरा फुटांचा पुतळा उभा केल्यास एकूण उंची साडेसतरा फुटांच्या घरात जाते. रुंदमापी मार्गावर मालाची उंची साधारणपणे चौदा फुटांपलीकडे जाऊ दिली जात नाही. तेव्हा बोगद्यांची अडचण ही रचलेली गोष्ट नसून वस्तुस्थितीशी सुसंगत आहे, असे दिसते. पुतळ्यासाठी खोलगट वाघीण वापरावी लागली असणार, असा तर्क करता येतो. या तर्कावर शिक्कामोर्तब करणारा पुरावा रेल्वेच्या माल-नोंदीत किंवा जून १९२८ च्या वृत्तपत्रांत शोधला पाहिजे. शाळेतील विद्यार्थ्यांना इतिहासाची पद्धती शिकविण्यास याहून सोपे व मनोरंजक उदाहरण क्वचितच सापडेल.

वृद्धांच्या मुलाखती घेताना तारखा विचारण्यापेक्षा प्रसंग विचारावे. 'पुतळा कोणत्या साली आला?' या प्रश्नाचे उत्तर चुकण्याचा संभव अधिक. 'पुतळा आला तेव्हा चौकात वीज होती काय? त्या वर्षी तुम्ही कोणत्या इयत्तेत होता? चौथऱ्याचे दगड कोणी घडविले?' अशा प्रश्नांतून साल आपोआप निघते आणि ज्यांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत अशा पाथरवट, गवंडी व ओतारी यांचाही पत्ता लागतो. मोठा पुतळा एका व्यक्तीचे काम कधीच नसते. शिल्पकाराचे श्रेय त्याला देताना या सहकाऱ्यांचे श्रेय नोंदविणे हेही चरित्रकाराचे कर्तव्य होय.

हा अभ्यास आजच का?

या प्रश्नाचे उत्तर कलाप्रेमापुरते मर्यादित नाही, त्याला कायद्याची बाजू आहे. पुराणवस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून कमी नाही इतके वय असलेले शिल्प 'पुराणवस्तू' या संज्ञेत येते. त्यातील विहित वर्गांची नोंदणी करावी लागते व अशा वस्तूंच्या निर्यातीवर कडक निर्बंध आहेत. शंभर वर्षे न झालेल्या कलाकृतींसाठी याच अधिनियमात दुसरी तरतूद आहे. हयात नसलेल्या कलावंताची कृती तिच्या कलात्मक मूल्यामुळे 'कलानिधी' म्हणून केंद्र शासनास जाहीर करता येते. या तरतुदीखाली ज्या नऊ कलावंतांच्या कृतींना संरक्षण मिळाले, त्यांत राजा रविवर्मा, रवींद्रनाथ ठाकूर, अमृता शेरगिल, जामिनी राय, नंदलाल बोस आदींचा समावेश आहे. हे नऊही जण मुख्यतः चित्रकार म्हणून ओळखले जातात. आधुनिक शिल्पकार त्यांत एकही नाही.

म्हणजे आधुनिक शिल्पकाराच्या कृतीला या अधिनियमाचे संरक्षण मिळावयाचे ते प्रामुख्याने वयाच्या आधारे. आणि वय सिद्ध करावयाचे ते सही, ठराव, छायाचित्र, वृत्तपत्रातील बातमी यांच्या आधारे. पुण्याच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणास जून २०२८ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतात. १९२० च्या दशकात उभारले गेलेले महाराष्ट्रातील अनेक पुतळे, अर्धपुतळे व प्लास्टरच्या प्रती एकामागून एक ही मर्यादा गाठत आहेत. प्रसिद्ध पुतळ्यांची कागदपत्रे सापडतील. परंतु तालुक्याच्या गावातील वाचनालयात, जुन्या विद्यालयाच्या सभागृहात किंवा बाजार समितीच्या आवारात असलेल्या अर्धपुतळ्याचे वय आणि कर्ता कोण सांगणार? ज्या शिल्पाचा कर्ता अज्ञात व काळ अनिश्चित, ते जुने झाले म्हणून काढून त्या जागी नवे बसविण्याचा ठराव एका बैठकीत संमत होतो. काढलेला पुतळा भंगारात गेला तरी कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही. नाव ठाऊक नसल्यामुळे शिल्पकाराचे श्रेय तर जातेच, पण पुष्कळदा शिल्पही जाते.

निसर्गही थांबत नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत सिमेंटच्या शिल्पातील लोखंडी सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि शिल्प आतून फुटते. प्लास्टर ओल शोषून घेते. कांस्य टिकाऊ खरे, परंतु समारंभापूर्वी ते चिंच, लिंबू अथवा आम्ल लावून चकचकीत केल्यास पृष्ठभागावरील संरक्षक थर निघून जातो व बारीक घडण झिजते. डागडुजीचे काम हाती घेण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घेणे आणि कामापूर्वीची छायाचित्रे ठेवणे, एवढी दक्षता तरी घेतली गेली पाहिजे.

गावपातळीवरील नोंदपत्र

प्रत्येक ग्रामपंचायतीस व शाळेस सहज करता येईल असे काम म्हणजे आपल्या हद्दीतील प्रत्येक पुतळ्याचे व मूर्तिशिल्पाचे एक नोंदपत्र तयार करणे. त्यात पुढील बाबी असाव्यात :

१. शिल्पाचा विषय, नेमके स्थळ व आज ज्याच्या ताब्यात आहे ती संस्था.

२. द्रव्य : कांस्य, दगड, सिमेंट, प्लास्टर अथवा अन्य.

३. उंची, रुंदी व खोली. चौथऱ्याची मापे स्वतंत्र द्यावीत.

४. शिल्पावरील सही, वर्ष, ओतशाळेचे चिन्ह. जशी अक्षरे असतील तशीच उतरवावीत. चुका सुधारू नयेत.

५. चौथऱ्यावरील संपूर्ण लेख.

६. चारही बाजूंची छायाचित्रे व सहीचे जवळून घेतलेले छायाचित्र. एका छायाचित्रात मापपट्टी ठेवावी.

७. ठरावाचा क्रमांक व दिनांक, खर्चाची रक्कम, देणगीदार.

८. शिल्पकार, ओतारी, पाथरवट यांची नावे आणि ती कोठून कळली.

९. आजची स्थिती : तडे, गंज, रंगाचे थर, पूर्वीची दुरुस्ती.

१०. नोंद करणाऱ्याचे नाव व दिनांक.

यातील आठवी बाब सर्वांत महत्त्वाची होय. नाव लिहिताना ते कागदावर वाचले, शिल्पावर पाहिले की कोणाकडून ऐकले, हे स्पष्ट लिहावे. ऐकीव माहिती लिहिण्यास हरकत नाही, परंतु ती ऐकीव म्हणूनच लिहावी. पुढे येणाऱ्या अभ्यासकाला त्यामुळे कोठून प्रारंभ करावा हे कळेल. नाव न मिळाल्यास तो रकाना कोरा ठेवावा. अंदाजाने भरलेला रकाना कोऱ्या रकान्यापेक्षा अधिक हानी करतो, कारण एकदा लिहिलेले नाव खोडण्यास पुढे कोणी धजत नाही.

सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेण्यास व ते प्रसिद्ध करण्यास प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ ची आडकाठी नाही. खासगी संग्रहातील वस्तूंसाठी मात्र मालकाची अनुमती अवश्य घ्यावी. नोंदपत्राची एक प्रत कार्यालयात, एक शाळेत आणि एक जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवल्यास एखादी प्रत गहाळ झाली तरी माहिती शिल्लक राहील.

उपसंहार

सासवणे येथील घर आज संग्रहालय म्हणून उभे आहे, ते प्रामुख्याने करमरकरांच्या कुटुंबीयांनी केलेल्या जतनामुळे. त्यामुळेच त्यांचे कार्य मातीपासून धातूपर्यंतच्या सर्व अवस्थांत एकत्र पाहावयास मिळते. असे भाग्य फार थोड्या शिल्पकारांच्या वाट्यास आले आहे. गणेशमूर्तींच्या कारखान्यांतून पुढे आलेले, कलाशाळांतून शिकलेले आणि गावोगावी पुतळे घडवून गेलेले कितीतरी मूर्तिकार महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांची संग्रहालये नाहीत, चरित्रे नाहीत. जे आहेत ते पुतळे आणि दप्तरांत पडून असलेले कागद.

महाराष्ट्राने आपल्या थोर पुरुषांच्या स्मृती जपण्यासाठी पुतळे उभारले. ज्यांच्या हातांनी त्या स्मृतीस आकार दिला, त्यांची नावे नोंदविण्यास निधी लागत नाही व स्वतंत्र योजनेचीही आवश्यकता नाही. एक मापपट्टी, एक वही आणि दप्तर उघडून पाहण्याची तयारी एवढ्यावर हे काम होऊ शकते. येत्या जयंतीस पुतळ्याला हार घालण्यापूर्वी चौथऱ्याच्या मागील बाजूस जाऊन बैठकीची कड एकदा पाहिली जावी. तेथे एखादे नाव असेल, तर ते त्याच दिवशी वहीत उतरवून घेणे इष्ट.